म्हसोबाची पायरी

खापरवाडीचा म्हसोबा वाढतो, ही बातमी सिन्नरच्या स्टँडवर पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी ती लासलगावच्या कांद्याच्या भावासारखी ऐकली. अर्धी खरी धरली, आणि उरलेली संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणून सोडून दिली. पण बातमी उतरली नाही. ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तर नव्या कारखान्यांतली पोरं रविवारच्या सुट्टीला जीप करून देव बघायला येऊ लागली. ज्या खापरवाडीत तोवर पाहुणा म्हटला की एक तर सोयरा नाहीतर ढोरांचा डॉक्टर, तिथं नारळाचं दुकान लागलं.

देव वाढतो म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. सहादू गित्याच्या उतारावरच्या वावरात, अगदी मधोमध, म्हसोबाचं ठाणं होतं. नारळाएवढे दोन शेंदरी धोंडे आणि त्यांच्याभोवती खळ्याएवढं गवताचं गोल. त्या गोलात नांगर न्यायचा नाही, गवत कापायचं नाही, पायात वहाण घालायची नाही, असा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता. पूर्वी हे ठाणं वावराच्या बरोबरीनं होतं. बाया बाजरी खुरपता खुरपता बसल्या जागेवरून सरकत यायच्या, देवाला हात जोडायच्या आणि तशाच पुढं सरकायच्या. आता ते वावरापासून चांगलं दीड वीत वर आलं होतं, आणि सहादूच्या थोरल्या बहिणीला, शकुआक्काला, गुडघ्यांपायी वर चढता येईना म्हणून तिनं तिथं एक सपाट दगड आणून टाकला होता. म्हसोबाला पायरी लागली, म्हणजे देव वाढला. याहून वेगळा पुरावा कुणी कोर्टातसुद्धा मागितला नसता.

ज्याच्या वावरात हे चाललं होतं त्या सहादूला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. सहादूला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे म्हसोबानं ते मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

पन्नाशीचा, काटक, मान जराशी पुढं काढून चालणारा माणूस. कुणी काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: ‘करा.’ न्हावी विचारायचा, मिशा ठेवू का उतरवू? सहादू म्हणायचा, कर. न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून थोडा वेळ वाट बघायचा आणि मग स्वतःच्या मनाप्रमाणे करायचा. त्यामुळे न्हाव्याचं घरात भांडण झालं की सहादूच्या मिशा जायच्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांनी त्याला आपल्यात धरलं होतं, कारण दोघांनाही तो ‘करा’ म्हणाला होता. शकुआक्का नवरा वारल्यावर त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा तिनं विचारलं होतं, मी इथंच राहू का रे. त्यालाही तो ‘कर’च म्हणाला. आक्का पुढं पुष्कळ दिवस सांगायची, सख्ख्या भावानं बहिणीला असं घरात घेतलं की गाठोडं आत न्यावं का परत डोक्यावर घ्यावं तेच कळंना.

असा तो पहिल्यापासून नव्हता. नवसाबाई होती तोवर त्याला सगळं वाटायचं, आणि त्यातलं बरंचसं तो तिच्याशी भांडून व्यक्त करायचा.

नवसाबाई ही त्याची बायको. माहेर पश्चिमेकडं, डोंगरातलं, पेठच्या बाजूचं. जिथं जमीन भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी असते आणि माणसं एका पावसाळ्यात वावर गमावून बसतात, तिथली. तिकडची एक खोड ती सासरी घेऊन आली होती. वावराच्या खालच्या अंगाला दगडांचा रचलेला बांध असतो, त्याला ताल म्हणतात. पावसाळ्यात वरची माती वाहत येते आणि तालीला अडून बसते. सुगी संपली, हाताला काम राहिलं नाही, की नवसाबाई डोक्यावर चुंबळ ठेवायची, तालीपाशी बसलेली माती पाटीत भरायची आणि उतार चढून वावराच्या वरच्या टोकाला नेऊन ओतायची. मग परत खाली. मग परत वर. बाकीच्या बाया त्या दिवसांत माहेरी जायच्या, लग्नं गाठायच्या. ही माती वर नेत असायची.

गाव हसायचं. पावसानं खाली आणायची अन् हिनं वर न्यायची, दोघांनी मिळून सहादूच्या वावराला पाळण्यात घातलंय, असं निवृत्तीनाना म्हणायचा. निवृत्ती हा सहादूचा भाऊबंद, शेजारचंच वावर त्याचं, आणि गावातली बहुतेक वाक्यं पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघायची. सहादूलाही लाज वाटायची. तो तिला म्हणायचा, चार माणसांत हसं करतेस. ती म्हणायची, मग तुमी उभं नांगरू नका, आडवं नांगरा, माती थोडी तरी थांबंल. तो म्हणायचा, बैलांना मधी वळवायचं सुख तुला काय ठाऊक. हे भांडण दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी दोघंही जिंकायची. तो उभं नांगरायचा, ती माती वर न्यायची.

त्यातही तिचा एक नेम होता. वर्षातली पहिली पाटी देवाची. पहिली भरलेली पाटी ती म्हसोबाच्या गोलात, गवताच्या बुडाशी ओतायची, हातानं पसरायची, वर शेणकाला शिंपडायची, आणि मग तिथंच, देवाला पाठ न करता, जरा तिरकं बसून भाकरी खायची. बाकीच्या सगळ्या पाट्या वावराच्या.

बहात्तरच्या दुष्काळात उताराखालच्या नाल्यावर पाझर तलावाचं काम निघालं. तिथं सगळी खापरवाडी खपली. सहादूनं खोदलं, नवसाबाईनं वाहिलं, दोघांनी सुकडी खाल्ली. सगळ्यांना माती नेऊन नेऊन मानेत कळा येत होत्या आणि नवसाबाई सराईतासारखी चालत होती. तेव्हा पहिल्यांदा गावातल्या बाया तिला, पाटी कशी धरायची गं, असं विचारत्या झाल्या. ती मोठ्या तोऱ्यात शिकवायची. सहादूला तिचा त्या दिवसांतला तोरा आठवतो. म्हणजे आठवायचा. नंतर तो आठवेनासा झाला.

दुष्काळ सरला आणि तिसऱ्या वर्षी, पाऊसपाणी चांगलं असताना, पीक उभं असताना, ती तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. सहादू रडला नाही. दिवस घालताना भटजींनी सांगितलं तसं पाणी सोडलं, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहिला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी उजाडताच त्यानं बैल जुंपले आणि वावराच्या वरच्या अंगाचं कुरण नांगरायला घेतलं.

कुरण म्हणजे उताराच्या माथ्याची गवताची पड. आज्यापासून ती कुणी मोडली नव्हती. त्यात पवन्या गवत कमरेपर्यंत व्हायचं, नवसाबाईच्या दोन गाई त्यावर जगायच्या. दिवसांना आलेल्या आक्कानं गाई विकायच्या का म्हणून विचारलं, तेव्हा तो ‘कर’ म्हणाला होता. मग गवत कशाला ठेवायचं. खरं म्हणजे इतकाही विचार त्यानं केला नव्हता. घरात बसवत नव्हतं, आणि पिकात नांगर घालता येत नव्हता. उरलं होतं ते कुरण. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो नांगराच्या मागं चालला. मुळांचं जाळं इतकं दाट होतं की फाळ अडायचा आणि कापड टरकावल्यासारखा आवाज यायचा. गाव म्हणालं, सहादूनं दुःख कामात घातलं. घातलं खरं. फक्त ते उभं घातलं, वरून खाली.

आणि कुरणानं काय पीक दिलं म्हणता. पहिली तीन-चार वर्षं त्या मोडलेल्या पडीत बाजरीचं कणीस हातभर, कांदा मुठीत मावायचा नाही. निवृत्तीनाना बांधावर उभा राहून म्हणायचा, देव एका हातानं नेतो आन् दुसऱ्या हातानं देतो. सहादू म्हणायचा, हां. लासलगावच्या बाजारात व्यापाऱ्यानं त्याचा कांदा उचलून दुसऱ्यांना दाखवला, तेव्हाही तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून दुसरीकडं बघत होता.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून वावर उतरायला लागलं. आधी वरच्या अंगाला मुरूम दिसायला लागला, पिवळट, अंगावरचं कापड विरल्यावर हाड दिसावं तसा. मग घळी पडल्या. ताल दोन ठिकाणी ढासळली होती. नवसाबाई ती दर उन्हाळ्यात रचायची, आता कुणी रचत नव्हतं. पाऊस पडला की पाणी वावरात थांबायचंच नाही, पाहुण्यासारखं चपला न काढता निघून जायचं. बाजरी गुडघ्याला आली. सहादूला दिसत होतं. पण दिसणं आणि वाटणं यांच्यामध्ये त्याच्याकडे एक बांध होता, आणि तो मात्र कधी ढासळत नव्हता.

याच वर्षांत म्हसोबा वाढायला लागला.

शोध निवृत्तीनानाचा. तो अमावस्येला नारळ फोडायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण पूर्वी इथं उकिडवे बसायचो, आता नुसतं वाकून भागतंय. त्यानं दोघांना दाखवलं, दोघांनी दहांना. पुढच्या अमावस्येला ओळ लागली, आणि नानानं नारळाचं दुकान टाकलं. देवाच्या गोलातली चिमूटभर माती वावरात टाकली की पीक येतं, असंही कुणीतरी म्हणालं, आणि एकानं ती कुंडीत टाकून मिरची लावली तर मिरचीला पानं दिसेनात इतक्या मिरच्या लागल्या. मग काय, जो येई तो चिमूट नेई. चिमटीची मूठ झाली. शेवटी नानानं सगळ्यांच्या वतीनं सहादूला विचारलं की आपण देवाला पक्का सिमेंटचा ओटा करू, वर पत्रा टाकू. तेवढा तो गवताचा उंचवटा खणून सपाट करावा लागेल, माती भक्तांना वाटून टाकू. करायचं का?

करा, असं सहादू म्हणाला. दिवाळीनंतर काम धरायचं ठरलं.

मध्ये एक गोष्ट घडली, आणि ती सरकारी होती.

वाल्मीक नावाचा नवा कृषी सहाय्यक गावाला मिळाला. निफाडकडचा पोरगा, लूनावर यायचा, सगळ्यांना मामा म्हणायचा. त्यानं घरोघरी कापडी पिशव्या वाटल्या आणि सांगितलं की आपल्या वावरातली माती यात भरून द्या, नाशिकला तपासायला पाठवू. ती कशी घ्यायची, चार कोपऱ्यांतून, मधून, सगळी मिसळून, हेही त्यानं नीट सांगितलं. सहादू तेव्हा तिथं होता, पण नेहमीप्रमाणे नव्हता.

पिशवी घेऊन तो वावरात गेला आणि उभा राहिला. आता गावाकडची रीत अशी की पोरगी दाखवायची तर पाठचीच्या मनगटात थोरलीच्या बांगड्या घालतात, पाहुण्याला चहा द्यायचा तर शेजारचा कप आणतात, आणि बियाणं द्यायचं तर कणगीतलं वरचं, टपोरं देतात. सरकार झालं तरी पाहुणंच. त्याच्या पुढ्यात मुरूम ठेवायचा? सहादूला कशाचं काही वाटत नसलं तरी रीत ही वाटण्यावर चालत नाही, ती हातात असते. तो सरळ म्हसोबाच्या पायरीवर चढला, वहाणा काढल्या, हात जोडले आणि गवताच्या बुडाची काळीभोर माती बोटांनी उकरून पिशवी भरली. वर स्वच्छ धुतलेल्या फडक्यात ती पिशवी बांधली. देवाची माती, मोकळी कशी द्यायची.

महिन्या-दीड महिन्यानं वाल्मीक लूना चालू ठेवूनच अंगणात ओरडला की मामा, तुमची माती तालुक्यात पहिली आली. सेंद्रिय कर्ब भरपूर. अशी माती जंगलातच सापडते. आक्कानं त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळायची बाकी ठेवली. वाल्मीक हुरळला होता. त्यानं तालुक्याला कळवलं, तालुक्यानं आणखी वर, आणि एका सकाळी दोन साहेब आणि आसपासच्या गावांतले वीसेक शेतकरी आदर्श शेतकऱ्याचं आदर्श वावर बघायला आले.

आले आणि बांधावर थांबले. समोर बाजरी होती. एकेक ताट असं उभं होतं की जणू त्याला कुणी शिक्षा म्हणून उभं केलं आहे. थोरले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाजरीकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं आणि सहादूला विचारलं की मातीसाठी तुम्ही विशेष काय करता?

“काय नाय,” सहादू म्हणाला.

याहून खरं उत्तर त्या वर्षी तालुक्यात कुणी दिलं नसेल. साहेबांना तो विनय वाटला. त्यांनी त्या गुडघाभर बाजरीपुढं उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, जीप गेली. एक म्हातारा शेतकरी जाता जाता सहादूच्या कानाशी म्हणाला, माती एवढी भारी हाय तर तीच विका की, बाजरी कशाला लावता.

वाल्मीक मागं राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. तो रागावला नाही. त्यानं फक्त विचारलं की मामा, पिशवीतली माती कुठली? सहादूनं हात करून म्हसोबा दाखवला. वाल्मीक बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग तो गोलाच्या कडेला गेला, खाली बसला आणि उंचवट्याच्या उभ्या अंगावरून हात फिरवला. वर गवताची मुळं, खाली काळी माती, आणि तिच्या बुडाशी, वावराच्या पातळीला, पिवळा मुरूम. मग त्यानं वावरातली मूठभर माती उचलली. ती मुठीत राहीना, वाळूसारखी गळून गेली.

“तो कर्ब म्हंजे काय अस्तं?” सहादूनं विचारलं. सात-आठ वर्षांत त्यानं आपण होऊन कुणाला विचारलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

वाल्मीक म्हणाला, “मामा, कर्ब म्हणजे सोप्यात सांगायचं तर मेलेलं. गवताची मुळं मरतात, पाला पडतो, शेण पडतं, किडामुंगी मरते. ते मातीत मुरतं. त्यानं माती काळी राहते, एकमेकीला धरून राहते, पाणी पिते.”

“मंग जातं कुठं?”

“नांगरून उघडं पाडलं की ऊन-वारा खातो त्याला. आणि ते असतं वरच्या थरात, पाऊस पहिला तोच नेतो. तुमचं कुरण होतं ना वर? ते मोडलं, ताल पडली, आता सगळं तिथं खाली बसलंय.” त्यानं उताराखालच्या पाझर तलावाकडं बोट दाखवलं.

“मेलेलं मातीत राहतं म्हंजे.”

“राहतं की. झाकलेलं असलं तर लय वर्षं राहतं. या देवाच्या गोलात राहिलंय तसं.”

 सहादूनं तंबाखू काढली, तळहातावर घेतली, चुना लावायचा विसरला आणि तशीच तोंडात टाकली. वाल्मीक गेल्यावर तो पायरीवर बसला. त्याला काही वाटलं, असं म्हणता यायचं नाही. त्यानं फक्त गवताच्या बुडाशी हात घातला आणि तो तिथंच ठेवला. माती गार होती. पहिली पाटी देवाची, हे त्याला आठवलं. वर्षाला एक. लग्न होऊन आली तेव्हापासून ती जाईपर्यंत. बाकीच्या पाट्या वावराच्या होत्या आणि त्या वावराबरोबर गेल्या होत्या. आणि या गोलातली माती नाना दिवाळीनंतर भक्तांना वाटणार होता, कारण त्याला कुणीतरी ‘करा’ म्हणालं होतं.

दिवाळी झाली. एका सकाळी नाना चार माणसं, कुदळी आणि सिमेंटच्या गोण्या घेऊन वावरात आला. भक्त आधीच जमले होते, काहींच्या हातात डबे होते. सहादू पायरीवर उभा होता. वहाणा काढून खाली ठेवलेल्या.

नाना म्हणाला की सहादू, जरा बाजूला हो, नारळ फोडू.

“नको,” सहादू म्हणाला.

हा शब्द खापरवाडीत त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कळायला जरा वेळ लागला. एका भक्तानं तर नारळ फोडूनही टाकला.

“अरे, तू हो म्हनला व्हतास,” नाना म्हणाला.

“मी करा म्हनलो व्हतो. कशाला म्हनलो, ते मला ठाऊक नव्हतं.” मग तो थांबला. एवढं सलग बोलायची सवय मोडली होती. “देव नाय वाढला नाना. देव हाय तिथंच हाय. वावर खाली गेलंय.”

 कुदळ खांद्यावर घेतलेला माणूस ती खाली ठेवावी का तशीच धरावी या विचारात पडला. निवृत्तीनाना पुढं आला, पायरीला लागून उभा राहिला आणि उंचवट्याच्या उभ्या अंगाकडं बघत राहिला. जो माणूस गावातली बहुतेक वाक्यं पहिल्यांदा बोलायचा, त्यानं हे वाक्य मात्र इतक्या हळू उच्चारलं की ते सहादूलाच ऐकू गेलं.

“माझंबी गेलंय रे. पन माझ्या वावरात देव नाय, म्हनून दिसत नाय.”

 मग नाना वळला, लोकांकडं बघून घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं की देवानं सहादूच्या तोंडून कौल दिला आहे, त्याला सिमेंट नको आणि गोलातल्या मातीला कुणी हात लावलेला नको. लोकांनी हात जोडले. हा कौल खोटा आहे असं कुणाला वाटणं शक्य नव्हतं. सहादू ‘नको’ म्हणाला, हे देवाशिवाय कुणाचं काम असणार? सिमेंटच्या गोण्या शाळेच्या ओट्याला गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाझर तलाव आटला. तळाशी काळा गाळ भेगाळून पडला होता, ढलप्यांसारखा. सहादूनं आधी ताल रचली. मग गाडीनं गाळ वर आणला, आणि जिथं घळींपायी गाडी चालेना तिथं त्यानं घरातली जुनी चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि वर पाटी घेतली. गडीमाणूस चुंबळ घेऊन चालतो म्हटल्यावर गाव बघायला आलं. सहादू आता नऊवारी नेसंल, असं कुणीतरी म्हणालं. शकुआक्का दारातूनच म्हणाली, अरे, मान सरळ ठेव, नवसाबाई ठेवायची तशी. मग तिनं तोंडावर पदर घेतला आणि आत गेली.

पहिली पाटी घेऊन तो म्हसोबापाशी आला आणि अडला. पहिली पाटी देवाची. पण गोलात ओतावी तर देव आणखी वाढणार. तो पाटी डोक्यावर घेऊन बराच वेळ उभा होता. मग त्यानं ती पायरीच्या बुडाशी ओतली, हातानं पसरली आणि वर शेणकाला शिंपडला. बाकीच्या पाट्या वावराच्या. पुढं दर उन्हाळ्यात हेच.

कुरण त्यानं सोडून दिलं. म्हणजे खरंच सोडलं. नांगर न्यायचा नाही, ढोरं न्यायची नाहीत. पहिल्यांदा नुसतं कुसळ आलं, धोतराला टोचणारं. निवृत्तीनानानं त्याच उन्हाळ्यात स्वतःची ताल रचली आणि पहिल्यांदा आडवं नांगरलं. बैल त्याला शिव्या देत असणार; तो बैलांना देत होता. सहादूही आडवं नांगरायला लागला. दर वळणाला बैल थांबायचे, वळायचे, आणि त्या थांबण्यात काही ऐकू येतंय का असं तो बघायचा. काही येत नसे. तो पुढं जायचा.

जीपा हळूहळू बंद झाल्या. देव बसायला लागला, अशी हवा उठली. नाशिकहून आलेल्या एका बाईनं तर सहादूला विचारलं की तुमच्या हातून काही पाप घडलं का. तो म्हणाला, घडलं व्हतं. नानानं नारळाचं दुकान स्टँडवर हलवलं. वाल्मीकची बदली झाली. जाण्याआधी तो पिशवी घेऊन आला, तेव्हा सहादूनं त्याला चारी कोपऱ्यांतली माती दिली, चांगली-वाईट सगळी. कर्ब थोडाच होता. वाल्मीक म्हणाला की याला वेळ लागतो मामा, जायला सोपं अस्तं, यायला नाय. सहादू म्हणाला, हां.

वावर काही पूर्वीसारखं झालं नाही. ते होण्याइतकं वय सहादूपाशी उरलं नव्हतं. म्हसोबाभोवती एक पट्टा तेवढा काळा झाला, आणि त्या पट्ट्यात बाजरी छातीला लागायची, बाकी सगळी कमरेला. वर माथ्यावर कुसळात मधूनमधून पवन्याचे ठोंब दिसायला लागले.

अठ्ठ्याऐंशीच्या पोळ्याला शकुआक्का म्हसोबाला नैवेद्य घेऊन गेली. सहादू मागं बैल धरून होता. आक्कानं एका हातात ताट धरलं, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पाय उचलून पायरीवर टाकायला गेली. पाय सपाट मातीवर पडला. तिचा तोल गेला, ताटातलं पुरण कलंडलं, ती कशीबशी सावरली आणि खाली बघायला लागली.

“सहादू, इथली पायरी कुठं गेली रे?”

“हाय. खाली हाय.”

आक्कानं पायानं माती चाचपली. मग ती तशीच, जिथं होती तिथं, मातीत बसली आणि बसल्या जागेवरून हात लांबवून तिनं देवापुढं नैवेद्य ठेवला. सहादूनं बैल बोरीला बांधले, वहाणा काढल्या, आणि तोही जरा तिरका, देवाला पाठ न करता, खाली बसला. भाकरी तेवढी आणायची राहिली होती.